मराठीत ऑपेरा लिहायचा तर: दोन पदांच्या मधलं काम

मुंबईत चाली लावणाऱ्यांची वानवा नाही. मुखडा सुचला, अंतरा बसला, अरेंजरने पीसेस लिहिले की दोन शिफ्टमध्ये गाणं हातात येतं. म्हणून ऑपेरा लिहायचं मनात आलं की संगीतकार आधी दहा-बारा चांगली गाणी करायला बसतो आणि उरलेलं मागाहून जोडून घेऊ म्हणतो. ते जोडणं कधीच जमत नाही, कारण ऑपेराचा खरा भार गाण्यांच्या मधल्या जागेवर असतो. दार वाजतं, कुणी आत येतं, खोटं बोलतं, पत्र लपवतं, निघून जातं. हा सगळा वेळ स्वरात लिहावा लागतो. नाटकात पात्राने किती वेळ गप्प राहायचं हे नट आणि दिग्दर्शक ठरवतात. ऑपेरात ते संगीतकार ठरवतो, तेही मात्रांमध्ये. एवढ्या एका गोष्टीने कामाची सगळी रीत बदलते.

मराठीला हे अगदीच परकं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हा त्यात पदांची इतकी दाटी होती की बरंचसं संभाषणच पदांतून चाले. साकी, दिंडी असे छोटे छंद त्यात निरोप सांगायला, चौकशी करायला, वाद घालायला वापरलेले दिसतात. दिंडीच्या चरणात १९ मात्रा असतात आणि नवव्या मात्रेनंतर यती, म्हणजे विसावा, येतो. या विषम विभागणीमुळे ती चौकोनी ठेक्यात अडकत नाही, बोलण्याच्या जवळ राहते. पुढे गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले यांच्या चालींबरोबर पदात रागदारीची मैफल आली. त्याने मराठी गाण्याचं सोनं केलं, पण कथा थांबवून पद ऐकायची सवयही तिथूनच पक्की झाली. १९६०च्या दशकात जितेंद्र अभिषेकींनी पद पुन्हा आटोपशीर केलं आणि ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (१९६७) दोन घराण्यांच्या गायकीतून दोन माणसांचे स्वभाव वेगळे काढून दाखवले. मराठीत ऑपेरा लिहू पाहणाऱ्याने गाजलेल्या पदांइतकाच, किंबहुना जास्त, त्या जुन्या साकी-दिंडीचा अभ्यास करावा असं माझं ठाम मत आहे. आपला रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलण्याच्या अंगाने गायलेला संवाद, तिथे आहे.

विषय निवडताना एक कसोटी पुरते: या माणसांना गाण्याशिवाय गत्यंतर आहे का? ज्या कथेचा जीव माहितीत आहे (कोर्टातले युक्तिवाद, वारसाहक्काचे घोळ, कोण कुणाचा मामेभाऊ) ती सोडून द्यावी. गायलेली माहिती प्रेक्षकाच्या कानावरून निघून जाते. पात्रं थोडी, इच्छा तीव्र आणि संघर्ष आत्ता, समोर घडणारा हवा. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टने महाभारतातली सावित्री घेतली तेव्हा तीनच पात्रं ठेवली, पडद्याआड स्त्रियांचा छोटा कोरस, बारा वाद्यं आणि जेमतेम अर्धा तास. सुरुवातीला मृत्यूचा आवाज पडद्याआडून येतो, कुठल्याही साथीशिवाय. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने तासाभराच्या वर जाऊच नये. अर्ध्या तासाचा पूर्ण ऑपेरा रंगमंचावर येतो, तीन तासांचा अर्धवट राहतो.

कथा कुणाची असेल तर पहिला स्वर लिहिण्याआधी लेखी परवानगी घ्या. भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क टिकतात. १९६६ साली वारलेल्या लेखकाची कथा १ जानेवारी २०२७ पासून मोकळी होईल. वारसदार अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात. तोंडी ‘करा की’ या होकारावर वर्षभर खपू नये. आणखी एक सरकारी पायरी विसरली जाते. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तेव्हा शब्द कधी पक्के करायचे याची तारीख हातात ठेवूनच काम आखा.

आता संहिता. गद्य नाटककाराला ऑपेराची संहिता लिहायला सांगितली की तो हमखास तिप्पट लिहितो. मराठी संवाद मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास बोलला जातो. तोच मजकूर बोलण्याच्या अंगाने गायला तर मिनिटाला साठ-सत्तर, आणि पदात वीस-तीस शब्द होतात. पुनरावृत्ती धरली तर त्याहून कमी. म्हणजे तासाभराच्या ऑपेराला साधारण अडीच ते तीन हजार शब्द पुरतात. आठ हजार शब्दांची संहिता आली तर ती छाटल्याशिवाय पेटीला हात लावू नका. चाल बांधल्यानंतर शब्द काढणं फार महाग पडतं, कारण प्रत्येक ओळीबरोबर एक वळण, एक ताल, एखादा सुरांचा धागा निघून येतो.

लेखकाकडून मागायचं काय, तर उपमा कमी आणि क्रिया जास्त. इटालियन संगीतकार व्हर्दीने १८७०मध्ये ‘आईदा’चं काम चालू असताना आपल्या कवीला ‘पारोला सेनिका’ म्हणजे प्रसंग एका फटक्यात डोळ्यापुढे उभा करणारा शब्द मागितला होता. त्यासाठी वृत्त आणि यमक मोडलं तरी चालेल अशी त्याची तयारी होती. मराठीत असे शब्द लहानच असतात: ‘थांब’, ‘खोटं’, ‘ये’, ‘पुरे’. चार कडव्यांच्या सुंदर कवितेपेक्षा असा एक शब्द नेमक्या जागी आला तर प्रवेश उभा राहतो. कवीला हे पटवणं जड जातं, पण ते पहिल्याच बैठकीत पटवून टाकलेलं बरं.

संहिता हाती आली की ती मोठ्याने वाचून घड्याळ लावा. नटाने वाचलेली चांगली, कारण कवी वाचतो तेव्हा चाल लावून वाचतो. मग भिंतीवर लावता येईल असा लांब कागद घ्या. आडव्या रेघेवर मिनिटं मांडा आणि त्याखाली ओळी ओढा: रंगमंचावर कोण आहे, कोण गातंय, कोण नुसतं ऐकतंय, षड्ज (सा) कुठला, लय काय, कुठली वाद्यं, नेपथ्यात काय बदलतंय. या कागदावर चुका स्वर लिहिण्याआधीच दिसतात. नायिका सलग अठरा मिनिटं गातेय, ती दमेल. सलग तीन प्रवेश मध्यलयीत आहेत, प्रेक्षक पेंगेल. सगळ्यात मोठा कल्लोळ मध्यंतराआधीच होऊन गेलाय, मग दुसऱ्या अंकात चढायला जागा कुठे? माझ्या मते सर्वोच्च बिंदू एकूण वेळेच्या शेवटच्या चतुर्थांशात हवा. तिथपर्यंत तिन्ही गोष्टी म्हणजे सर्वांत वरचा सूर, सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत जलद लय राखून ठेवायच्या, आणि त्या तिन्ही एकाच क्षणी खर्च करायच्या नाहीत.

मुंबईत वेळेचं गणित बाहेरूनही येतं. रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर अकराच्या पुढे डोंबिवली-विरारचा प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो. मध्यंतर धरून दोन सव्वादोन तासांची मर्यादा ही कलेवरची जबरदस्ती नव्हे, इथल्या रंगभूमीचं ते मापच आहे.

गळे कोणते, हे चाली बांधण्याआधी ठरायला हवं. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्या ऑपेरा गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जोरकस अनुनाद असतो. ऑर्केस्ट्राचा जोर बराच खाली, ५०० हर्ट्झच्या आगेमागे असतो, म्हणून तो आवाज मायक्रोफोनशिवाय वाद्यमेळ भेदून मागच्या रांगेत पोचतो. आपल्या मैफलीच्या गळ्याची जात निराळी. तो तानपुरा आणि पेटीच्या सान्निध्यात बारकावे दाखवण्यासाठी घडलेला आहे. त्याला व्हायोलिनांच्या भिंतीमागे उभं करून ‘जोर लाव’ म्हणणं हा गळ्यावर अन्याय आहे. तेव्हा तसे गायक घ्यायचे असतील तर मायक्रोफोन धरूनच वाद्ययोजना लिहा. दोन्ही प्रकारचे गायक एकत्र हवे असतील तर कुणाला माईक, कुणाला नाही, असा भेद ठेवू नका. आवाज दोन वेगळ्या खोल्यांतून आल्यासारखे वाटतात.

स्त्री-पुरुषांच्या पट्टीचा प्रश्न मराठी संगीतकाराला पहिल्याच युगुलगीतात गाठतो. पुरुष काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा षड्ज, बाई काळी चारमध्ये. बाईला काळी एकमध्ये ओढलं तर एक तर ती घोगऱ्या खर्जात जाते, नाही तर वरच्या सप्तकात किंचाळते. यावर आपल्या रागसंगीतातच फार देखणा उपाय आहे, मूर्च्छनेचा: सूर तेच ठेवून त्यातला दुसरा सूर षड्ज मानायचा. पुरुषाला काळी एकवरून भूप द्या. त्याचे सूर होतात काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आता त्याच्या पंचमाला, म्हणजे काळी चारला, बाईचा षड्ज माना. तेच पाच सूर तिला सा, रे, म, प, ध असे लागतात, म्हणजे दुर्गा. पेटीवरच्या पट्ट्या त्याच, वाद्यमेळाला एकही नवा सूर लागत नाही, आणि तरी दोघांचा स्वभाव वेगळा राहतो: तो भूपाच्या गंधारावर स्थिर, ती दुर्गाच्या मध्यमावर उभी. तिचा मध्यम म्हणजेच त्याचा षड्ज. त्यामुळे काळी एकला लावलेला एकच तबला दोघांना चालतो, तिच्यासाठी तो मध्यमाचा होतो. दोन माणसं एकाच घरात राहून वेगवेगळ्या जगात आहेत हे दाखवायला याहून नेमकं साधन मला माहीत नाही. भूपाच्या गंधारापासून मोजलं तर मालकंस मिळतो, धैवतापासून धानी. तिसरं पात्र आत येताना कुठून शिरेल याचा विचार इथे सुरू होतो.

मूर्च्छनेबाहेर जाऊन खरोखर षड्ज बदलायचा असेल तर तबल्याचा हिशेब ठेवा. प्रत्येक नव्या षड्जाला वेगळा दायाँ (उजव्या हाताचा तबला) लागतो. चार ठिकाणी पट्टी बदलली तर चार तबले लावून तयार हवेत, आणि तबलजीला एका तबल्यावरून दुसऱ्यावर जायला निदान चार-पाच सेकंदांची फट संगीतात लिहून द्यावी लागते. पावसाळ्यात, दमट हवेत पुडी सैल होऊन सूर उतरतो, तेव्हा सूर मिळवायलाही कुठे विसावा येतो ते पाहून ठेवा. ऑर्गन किंवा पायपेटी असेल तर आणखी एक बारीक गोष्ट: समतान पद्धतीने, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. गायक गंधारावर लांब थांबणार असेल तर त्या जागी पेटीला षड्ज-पंचमावर ठेवा. नाही तर दोन गंधार एकमेकांना घासत राहतात आणि दोष मात्र गायकाच्या माथी येतो.

आता मधल्या जागेचं प्रत्यक्ष काम, म्हणजे बोलणं स्वरात उतरवणं. चेक संगीतकार लेओश यानाचेक आयुष्यभर वहीत लोकांच्या बोलण्याचे स्वर टिपत असे, बाजारातल्या, स्टेशनवरच्या, घरातल्या. मराठीसाठी हे कुणीतरी चिकाटीने करायला हवं. गिरगावातली ‘काय गं’ आणि नागपुरातली ‘काय गं’ या एकाच चढ-उताराने बोलल्या जात नाहीत. पात्र कुठलं आहे हे शब्दांआधी त्या उतारावरून कळतं.

एक साधं वाक्य घेऊ. ‘थांब. अजून गाडी आलेली नाही.’ बोलायला दोन सेकंद लागतात. घाईघाईने केरव्यात (आठ मात्रांच्या ठेक्यात) बसवलं की हमखास काय होतं, तर ‘अजून’चा ‘अ’ सम किंवा जोराच्या मात्रेवर पडतो, लांबतो, आणि प्रेक्षकाला ‘आजून’ ऐकू येतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला धक्का लागला की शब्द गावंढळ तरी होतो, नाही तर कळत तरी नाही. म्हणून आधी लघु-गुरू मांडा: थांब, अ-जून, गा-डी, आ-ले-ली, ना-ही. लय मिनिटाला १०० मात्रा धरली तर एक मात्रा ०.६ सेकंदाची. ‘थांब’ला पहिली मात्रा, पंचमावर. दुसरी आणि तिसरी मात्रा पूर्ण रिकामी. चौथ्या मात्रेत ‘अ’ला पाव, मध्यमावर, आणि ‘जून’ला पाऊण, पंचमावर. पाचवीत ‘गा-डी’ अर्धी-अर्धी, गंधार-मध्यम. सहावीत ‘आ’ अर्धी गंधारावर, ‘ले-ली’ पाव-पाव रिषभावर. सातवी-आठवी ‘ना-ही’ला: ‘ना’ अर्धी रिषभावर, ‘ही’ दीड मात्रा षड्जावर. आठ मात्रा, ४.८ सेकंद. ही झाली समजूत घालणारी व्यक्ती.

तेच शब्द घाबरलेल्या माणसाचे करायचे तर फक्त दोन गोष्टी बदला. दोन मात्रांची शांतता अर्धीच मात्रा ठेवा आणि ‘जून’ पंचमाऐवजी तार षड्जावर न्या. धमकी देणाऱ्याचे करायचे तर सगळं वाक्य एकाच रिषभावर सरळ चालवा आणि ‘ही’ला षड्जावर टाकून लगेच तोडा. शब्द एकच, तीन माणसं झाली, आणि त्यातला निम्मा फरक शांततेच्या लांबीने केला. या जागी तबला वाजवू नका. मात्रा संगीतकाराच्या आणि कंडक्टरच्या डोक्यात राहतात. ठेका ऐकू आला की प्रेक्षक गाणं सुरू झालं असं समजतो आणि शब्द ऐकायचं सोडतो.

याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे. ‘थांब’सारखा व्यंजनाने संपणारा शब्द लांबवला की गायक सवयीने शेवटी ‘अ’ लावतो, ‘थांबऽ’. जुन्या पदांच्या शैलीत ते शोभतं, आजच्या बोलण्यात कानाला खटकतं. म्हणून शेवटचा ‘ब’ कुठल्या मात्रेवर मिटायचा हे स्वरलिपीत लिहून द्यायचं, गायकावर सोडायचं नाही.

वरच्या सुरांवर कुठला स्वरवर्ण येतो हेही तपासून पाहा. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला अनुनाद ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असतो, ‘आ’चा त्याच्या दुपटीजवळ. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्ज ४१५ हर्ट्झला येतो. तिथे लांब ‘ई’ धरायला लावली की तिला तोंड उघडावंच लागतं आणि ‘ई’ची ‘ए’ होते. सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री-आवाज) १००० हर्ट्झपर्यंत चढते तेव्हा तर कुठलाही स्वरवर्ण ओळखू येत नाही. म्हणून जे कळणं आवश्यक आहे ते मधल्या सप्तकात सांगून टाका, आणि वर गेल्यावर असे शब्द ठेवा जे प्रेक्षकाने आधीच ऐकलेले आहेत. ‘आकाश’, ‘माझा’, ‘राहा’ असे शब्द वर फुलतात; ‘चिठ्ठी’ वर नेऊन कुणाचंच भलं होत नाही. कवीला ही यादी लवकर दिली तर तो आनंदाने शब्द बदलून देतो.

ऑपेराचं खरं सामर्थ्य मात्र अनेकांच्या एकत्र गाण्यात आहे. नाटकात चारजण एकदम बोलले तर गोंधळ होतो, ऑपेरात तोच प्रवेशाचा प्राण असतो. मोझार्टच्या ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट सुमारे २० मिनिटं न थांबता चालतो, दोघांपासून सुरू होऊन सातजणांपर्यंत वाढतो, आणि प्रत्येक नवी व्यक्ती आत आली की लय किंवा पट्टी बदलते. बांधायची रीत अशी: प्रत्येकाची ओळ आधी एकट्याने ऐकवा. एकत्र आल्यावर एका वेळी एकाचेच शब्द नवे असू द्या, बाकीच्यांनी ऐकवलेलेच शब्द फिरवावेत. लयीची अंगं वेगळी ठेवा, एक लांब स्वर धरतो, एक तुटक बोलतो, एक ऑफबीटवर. आपल्याकडे स्वरसंवादाची (हार्मनीची) तालीम कमी असल्याने हिंदुस्थानी गायक दुसऱ्याच्या सुराकडे ओढला जातो. त्याला त्याचा षड्ज सतत ऐकू येईल असं एक वाद्य जवळ ठेवा, नुसता चेलोचा एक लांब सूरही पुरतो.

गद्य अजिबात नको असा हट्ट मी धरणार नाही. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये (१७९१) पात्रं चक्क बोलतात. फक्त बोलण्यातून गाण्यात शिरताना आधी ऑर्गनने सूर धरला, मग गायकाने खाकरून घेतलं, मग ‘आ’ केला, ही आपली जुनी खूण टाळायला हवी. वाद्यं संवादाखाली दोन ओळी आधीच सुरू करा आणि गायकाचा पहिला सूर त्याच्या बोलण्याच्या पट्टीजवळच ठेवा. मग नेमका सांधा कुठे आहे ते कळत नाही.

हे सगळं लिहायचं ते आधी गळे आणि पियानो एवढ्याच दोन-तीन ओळींत, वाद्यं नंतर. मुंबईत हाताशी ऑर्केस्ट्रेशनची सॉफ्टवेअर आणि त्यातले भरदार नमुना-आवाज असल्याने मोह आवरत नाही. संगणकातली शिंगं वाजली की पोकळ प्रवेशही भारी वाटू लागतो. पेटीवर जो प्रवेश उभा राहत नाही तो तीस वाद्यांनीही राहत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, म्यूझस्कोर फुकट आहे आणि पुरेसं आहे. फिनाले हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं तिने त्याचं काम २०२४मध्ये थांबवलं, तेव्हा जुन्या फायली असतील तर म्यूझिक-एक्सएमएलमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या रूपात, उतरवून ठेवा. हिंदुस्थानी गायकांसाठी त्याच ओळी भातखंडे लिपीत (सा-रे-ग अक्षरांत) आणि सोबत नुसत्या पेटीवर वाजवलेला ऑडिओ, हा दुहेरी संच वेगळा करावा लागतो. दोन्हींत बार (स्वरलिपीतला उभ्या रेघांमधला तुकडा) क्रमांक एकच हवेत. ते जुळले नाहीत तर तालमीत अर्धा वेळ ‘कुठून घ्यायचं’ यातच जातो.

वाद्यमेळ किती मोठा? बेंजामिन ब्रिटनने ‘टर्न ऑफ द स्क्रू’ (१९५४) तेरा वादकांत लिहिला, आणि त्यात काहीही कमी पडत नाही. मुंबईसाठी हाच आकडा शहाणा आहे. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरला ऑर्केस्ट्रा पिट (वादकांसाठी रंगमंचापुढची खोलगट जागा) आहे, हजाराच्या वर खुर्च्या आहेत. पण प्रयोग दादर-पार्ल्याच्या नाट्यगृहांत करायचे असतील तर साथीदार रंगमंचापुढे कडेला किंवा विंगेत बसणार. तिथे तेराही जण दाटीवाटीने बसतात. व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट वाजवणारे सहज मिळतात. ओबो आणि बसूनवाले मोजके, तेव्हा त्यांच्यावर प्रवेश टेकवू नका. एखादा आजारी पडला की प्रयोग अडतो. त्यांच्या ओळी क्लॅरिनेटला देता येतील अशा सुरातच लिहा. आणि गाणाऱ्याच्या सुरावर सतत व्हायोलिन चढवू नका. चित्रपटगीतातून आलेली ही सवय शब्द खाते. गळा जिथे आहे ते सप्तक वाद्यांनी मोकळं सोडायचं, वर किंवा खाली राहायचं.

मुंबईचा प्रसंग असेल तर शहराचा आवाज येणारच. पुचिनीने ‘तोस्का’च्या (१९००) तिसऱ्या अंकातल्या पहाटेसाठी रोमला जाऊन सांत आंजेलोच्या किल्ल्यावरून चर्चच्या घंटा ऐकल्या, सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा सूर कुठला हे विचारून घेतलं आणि तो खालचा ई (पांढरी तीन) संगीतात वापरला. लोकलचा भोंगा, देवळाची घंटा, गिरणीचा जुना भोंगा यांना असंच वागवा. फोनवर ध्वनिमुद्रण करा, सूर शोधा, आणि तो सूर वाद्याला द्या. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण लावलं तर ते संगीताच्या पट्टीशी भांडतं आणि प्रेक्षक स्पीकरकडे पाहतो.

नेपथ्य बदलायला किती वेळ लागतो ते संगीतकाराने बॅकस्टेजच्या लोकांना आधीच विचारावं. देब्युसीला ‘पेलिआस आणि मेलिसांद’ (१९०२) पॅरिसमध्ये तालमीत असताना दोन प्रवेशांमधलं संगीत वाढवून द्यावं लागलं, कारण सेट तेवढ्यात बदलत नव्हता. आता ते मधले तुकडे त्या ऑपेराचा सर्वांत सुंदर भाग मानले जातात, पण प्रत्येकाच्या नशिबी हे येत नाही. म्हणून अशा जागी चार किंवा आठ बारांचा एखादा तुकडा हवा तितक्या वेळा फिरवता येईल असा लिहा आणि बाहेर पडायची खूण कंडक्टरला द्या. ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, शेवटी लिहा. रोसिनीने ‘बार्बर’साठी (१८१६) आधीच्या ऑपेराचाच ओव्हर्चर चालवला, तेव्हा त्यावर पहिले दोन महिने घालवायची काहीच गरज नाही.

वादकांचे पार्ट, म्हणजे प्रत्येकाची वेगळी काढलेली प्रत, हे कष्टाचं काम आहे. ते कमी लेखल्याने पहिली तालीम हमखास फुकट जाते. साठ मिनिटांच्या ऑपेरात एका वादकाला पंचवीस-तीस पानं होतात, तेरा जणांची मिळून साडेतीनशेच्या घरात. पान उलटायच्या जागी वादकाला विसावा असला पाहिजे. दहा-बारा बारांहून लांब विसाव्यानंतर गायकाची ओळ बारीक अक्षरात छापा, म्हणजे मोजण्यात चूक झाली तरी वादक सावरतो. प्रत्येक बारला क्रमांक द्या आणि कागद जाड घ्या, कारण पंख्याखाली पातळ पानं उडतात.

तालमीचा क्रम सांगतो. आधी नुसतं वाचन, शब्द लयीत बोलून. मग पेटीबरोबर गायक. या टप्प्यावर पूर्ण ऑपेरा एकदा, संहिता न वाचलेल्या चार-पाच माणसांपुढे गाऊन घ्या आणि त्यांना एवढंच विचारा की काय घडलं ते सांगा. जिथे त्यांची कथा तुमच्या कथेपेक्षा वेगळी निघते तिथे शब्द झाकले गेले आहेत. कात्री इथेच लावायची. बहुधा दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं जातात, कारण तिथे संगीतकाराने आधीचंच पुन्हा सांगितलेलं असतं. मग वादकांची स्वतंत्र तालीम, गायकांशिवाय, निदान दोन सत्रं: एक नुसती सुरांच्या चुका काढायला, दुसरी लयींच्या सांध्यांना. मग दोघं एकत्र, हालचालीशिवाय बसून. शेवटी रंगमंच, आणि रंगीत तालीम त्याच नाट्यगृहात, त्याच माईकवर.

रंगीत तालमीत संगीतकाराने पुढच्या रांगेत बसू नये. मागे, बाल्कनीखाली बसावं, हातात स्कोअर (सगळ्यांच्या ओळी असलेली मुख्य प्रत) न घेता. स्कोअर डोळ्यापुढे असला की न ऐकू आलेले शब्दही ऐकू आल्यासारखे वाटतात. शेजारी एक माणूस बसवून त्याला बार क्रमांक सांगत जावं, त्याने लिहून घ्यावं. त्या यादीतल्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मुख्य स्कोअरमध्ये, मग तेराही पार्टमध्ये, मग भातखंडे प्रतीत, याच क्रमाने उतरवाव्यात आणि प्रत्येक प्रतीवर तारीख घालावी. पेन्सिलीने एकाच पार्टमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या प्रयोगाला बदली वादक आला की हरवते.